एकविसावी पायरी

२ फेब्रुवारी २०२५, कामरगाव

पौर्णिमाने अकोल्याहून ही डायरी पाठवली. म्हणाली, बाबा, रिटायर झालात, आता दिवसभर आईच्या मागे भुणभुण करण्यापेक्षा यात लिहीत जा. पोरगी नर्स आहे, सल्ला दिल्याशिवाय तिच्या गळ्याखाली घास उतरत नाही. एकतीस वर्षं एसटी चालवली, तेवढ्या काळात गाडीचा नंबर आणि किलोमीटर यापलीकडे काही लिहिलं नाही. तरी लिहून पाहतो. ड्रायव्हरच्या हातातून स्टेअरिंग गेलं की त्या हातांचं काय करावं हे त्याला कळत नाही.

लिहायला कारणही आहे. काल भागिरथा लोखंडी शिडीनं स्लॅबवर मिरच्या वाळवायला चढत होती. अर्ध्यात उजवा गुडघा अडकला. वर जाईना, खाली येईना. मी खालून कमरेला धरून उतरवली. ती हसत होती, पण शिडीचा दांडा सोडायला तयार नव्हती. लग्न झाल्यापासून ही बाई शिडीनं वर चढते आहे आणि लग्न झाल्यापासून मी जिना करतो म्हणतो आहे.

"अवं, यंदा जिना करूच," मी म्हणालो.

"दरसाल करता तुमी."

"दरसाल ड्युटी राहे. यंदा मी घरीच आहो ना."

"हो, त्याचाच तर तरास आहे," म्हणाली आणि मिरच्या पुन्हा पोत्यात भरायला बसली.

९ फेब्रुवारी

जिना म्हणजे भागाकार आहे. जमिनीपासून स्लॅबपर्यंत बरोबर दहा फूट, म्हणजे एकशे वीस इंच. त्याला एका पायरीच्या उंचीनं भागायचं. मग एका पायरीची उंची किती? मिस्त्री लोक म्हणतात सात इंच. सात इंच कोणाच्या पायाला? मिस्त्रीच्या. मला भागिरथाच्या पायाचं माप पाहिजे.

सकाळी अंगणात विटा मांडल्या. एक वीट आडवी ठेवली की तीन इंच, दोन ठेवल्या की सहा. त्याच्यावर फरशीचा तुकडा ठेवला की पावणेसात. तिला म्हटलं, चढ आणि उतर, हात कुठं लावायचा नाही.

"माह्या पायाची पासिंग करून राह्यले का?" ती म्हणाली. पण चढली. कोणी पाहत तर नाही ना म्हणून आधी फाटकाकडे नजर टाकून घेतली.

सहा इंचावर ती बोलत बोलत चढते. वरचा फरशीचा तुकडा ठेवला की बोलणं थांबतं आणि उजवा हात मांडीवर जातो. चार वेळा करून पाहिलं. पाऊण इंच वाढलं की हात मांडीवर. म्हणजे सहा इंच, वीस पायऱ्या, आणि विसावं पाऊल स्लॅबवर. पायरीची रुंदी तिच्या चपलेपेक्षा जरा जास्त, दहा इंच. हिशेब जमला म्हणून मला फार बरं वाटलं. त्या दोन विटा मी बाजूला काढून ठेवल्या आहेत.

१६ फेब्रुवारी

जगदेव मिस्त्री आला. माणूस कामाचा, पण जीभ हातापेक्षा जास्त चालते. त्यानं टेप लावला आणि म्हणाला, "डायवरभाऊ, वीस बसत नाई. भिंत कमी पडते दहा इंचानं. अठरा करा. पावणेसात इंचाची पायरी, आरामशीर बसते."

नाचता येईना अंगण वाकडं. मी म्हटलं भिंत कमी पडत नाही, पुढचा ओटा जास्त होतो. ओटा फोड. त्या ओट्यावर मी रोज संध्याकाळी पेपर वाचतो, हे जगदेवलाही माहीत आहे. तो माझ्याकडे पाहत राहिला.

"ओट्याचं जाऊ द्या, पन वीस नका करू," मग तो खालच्या आवाजात म्हणाला. बोटं दुमडून मोजायला लागला. "इंद्र, यम, राजा. इंद्र, यम, राजा. असं मोजत जायाचं. शेवटची राजावर आली पाह्यजे, इंद्रावरही चालते. वीसवी यमावर येते पाहा. ज्या घरचा जिना यमावर सुटला त्या घरी..."

"यम कोन्त्या डेपोचा आहे?" मी विचारलं.

भागिरथा चहा घेऊन उभी होती. ती म्हणाली, "मिस्त्रीभाऊ, आमच्या घरी येत नाई तो. त्याले पत्ताच नाई देला आमी."

जगदेव ओशाळला, पण पुन्हा म्हणाला, निदान एकवीस करा. मी टेप त्याच्या हातात दिला. एकवीस केल्या तर पहिली पायरी फाटकात येते आणि फाटक उघडतच नाही. तेव्हा वीस. विषय संपला.

भागिरथा दिवसभर खुशीत होती. तिच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि गावी येऊन घरातले सगळे देव टोपल्यात भरून नदीत सोडले. ही गोष्ट ती इतक्या वेळा सांगते की जणू टोपलं तिच्याच डोक्यावर होतं. मीही काही कमी नाही. डेपोत प्रत्येक गाडीला लिंबू-मिरची बांधलेली असायची, मी माझ्या गाडीची काढून टाकायचो. विनाअपघात सेवेचा बिल्ला लिंबानं नाही मिळाला, ब्रेकानं मिळाला.

२७ फेब्रुवारी

ओटा फोडला. संध्याकाळी पेपर घेऊन कुठं बसावं कळेना. शेवटी विटांच्या ढिगावर बसलो.

२० मार्च

जिना झाला. पाणी मारून मारून हात भेगाळले. भागिरथाला पहिल्यांदा चढवली. मी मागे मागे, तिचा तोल गेला तर धरायला. ती वर पोचून वळली तेव्हा मी अजून मधेच होतो.

"हात लावला का कुठं?" मी विचारलं.

"कायले लावू? हे तं चढाचं आहे का सपाटीचं तेच समजत नाई."

मग ती स्लॅबवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. लांबवर शिवारात कोणाच्या तरी गव्हाची मळणी चालली होती. ती म्हणाली, इतक्या वर्षांत मी वर फक्त काम घेऊनच आली, नुसती कधी उभी नाही राहिली. मला वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला. आयुष्यात बऱ्याच गाड्या वेळेवर पोचवल्या, हीच एक फार उशिरा पोचली.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणुकीला जाण्याआधी भागिरथानं प्रत्येक पायरीवर एक मेणबत्ती लावली. रस्त्यावरून जाणारे थांबून पाहत होते. आता तिला पायरीकडे पाहायलाही लागत नाही, टोपलं कमरेवर घेऊन अंधुक उजेडातही झरझर येते. तिच्या पायाला जिना पाठ झाला आहे.

१९ एप्रिल

काखेत गाठ आहे म्हणते. किती दिवसांपासून? तर म्हणे होळीपासून. मी ओरडलो. ओरडून काय होणार होतं? पौर्णिमाला फोन केला. तिचा आवाज फोनवर एकदम दवाखान्यातल्यासारखा झाला. म्हणाली, उद्याच घेऊन या.

२३ एप्रिल

भागिरथाला अकोल्याला पौर्णिमाकडे सोडून आलो. गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला आहे. डॉक्टर काही बोलत नाहीत, रिपोर्ट येऊ द्या म्हणतात. मी तिथे थांबलो असतो, पण पौर्णिमाची खोली एवढीशी, आणि मी येरझारा घालतो म्हणून तिघांनाही झोप लागत नव्हती. भागिरथाच म्हणाली, घरी जा, जिन्यावर पाणी मारा.

जिन्याला आता पाणी मारायची गरज नाही हे तिलाही माहीत आहे. तरी मी आल्याबरोबर मारलं.

२६ एप्रिल

शेजारच्या दुर्गाबाई भाकरी घेऊन आल्या. बाई मनानं चांगली. भाकरी ठेवली, भागिरथाची चौकशी केली, आणि जाता जाता जिन्याकडे पाहून म्हणाली, "भाऊ, रागावू नका. पन जिना यमावर सोडला म्हनतात. मिस्त्रीच सांगून राह्यला होता."

मी म्हटलं, "तुमच्या घराले तं जिनाच नाई. तुमचा मालक मंग कायनं गेला?" असं बोलायला नको होतं. ती डोळ्याला पदर लावून गेली. भाकरी तशीच पडली.

२८ एप्रिल

गाठ होळीपासून आहे. होळीच्या आठवड्यातच वरच्या पायऱ्यांचं काँक्रीट झालं होतं.

हे मी का लिहिलं? खोडायला पाहिजे. खोडलं तर पौर्णिमा विचारील काय खोडलं. राहू दे.

२९ एप्रिल

आज वर गेलो. जाताना मोजणार नव्हतो. पण एखादं भिकार गाणं कानात बसावं तसं ते बसलं आहे. इंद्र, यम, राजा. शेवटचा पाय स्लॅबवर ठेवला तेव्हा यम. उतरताना मोजलं तर जमिनीवर यम. मधल्या पायरीवर बसलो आणि विचार केला, उकंडराव, तुला बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत आणि तीन शब्दांनी तू गडगडलास?

पण तिला काही झालं तर? मी तर काही मानत नाही. मानत नाही, तर पायथ्याशी एकविसावी पायरी म्हणून एक दगड लावल्यानं तरी काय बिघडतं? न मानणाऱ्याला सगळे दगड सारखेच.

पौर्णिमाचा फोन आला. रिपोर्टला अजून वेळ आहे. आई जेवली, झोपली, काही काळजी करू नका. काळजी करू नका हे ती दोनदा म्हणाली. मनात पाल चुकचुकली.

३० एप्रिल

जगदेवला बोलावलं. तो कशाला बोलावलं हे न विचारता घडवलेला काळा दगड घेऊनच आला. फाटकाचं दार जमिनीपासून साडेतीन इंच वरून फिरतं, त्यामुळे दगड तीन इंचाचाच बसू शकला, रुंदी आठ इंच. पायरी नाही ती, पायरीचं पिलू. बाकी सगळ्या सहाच्या आणि ही अशी. माझा सगळा भागाकार त्या दगडानं बिघडवला.

"आता राजा झाला, डायवरभाऊ," जगदेव म्हणाला.

"कोनाले सांगू नको."

"नाई सांगत."

त्याला चहा द्यायचंही सुचलं नाही.

३ मे

रिपोर्ट आला. साधी गाठ. चरबीची. काही नाही, काही नाही, काही नाही. पौर्णिमा फोनवर रडत होती, भागिरथा मागून म्हणत होती, हिले काय झालं रडाले.

मी फोन ठेवला आणि अंगणात गेलो. दगडाला हात लावला. नमस्कार केला असं नाही. धूळ बसली होती.

५ मे

भागिरथा आली. फाटकातून आत आली आणि दगडापाशी थांबली.

"हे काय?"

"चिखल होतो ना. पाय पुसाले."

तिनं जिन्याकडे वरपर्यंत पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं," म्हणाली. गाडीत दमली असावी, नंतर फार बोलली नाही.

९ मे

एक पाहिलं. ती दगडावर पाय ठेवत नाही. चढताना जमिनीवरून एकदम पहिल्या पायरीवर पाय टाकते, उतरताना पायरीवरून एकदम जमिनीवर. मधे दगडाची रुंदी आहे, त्यामुळे ढांग मोठी पडते आणि गुडघ्याला त्रास होतो, मला दिसतं ना. दोनदा म्हटलं, पाय ठेव ना त्याच्यावर. म्हणाली, "माह्या पायाले सवय नाई." होईल हळूहळू.

१२ मे

बुद्ध पौर्णिमा. वंदना झाली, खीर झाली. जयंतीसारख्याच तिनं पायऱ्यांवर मेणबत्त्या लावल्या. दगडावर लावली नाही, विसरली असेल म्हणून मी एक लावली. थोड्या वेळानं पाहिलं तर तेवढीच विझलेली. वारा तर नव्हता.

हल्ली माझ्याशी कामापुरतंच बोलते. गाठीचा धसका घेतला असावा. पौर्णिमाला विचारलं, ती म्हणाली, होतं असं, आईला वेळ द्या.

१८ मे

हात चालत नाही तरी लिहितो.

आज दिवसभर तिनं स्लॅबवर कुरडया घातल्या. जुनं लुगडं अंथरलं होतं, त्याच्या टोकांवर विटा. संध्याकाळी एकदम काळं आभाळ आलं आणि वावधन सुटलं. वाळलेल्या तेवढ्या टोपल्यात घेऊन ती उतरत होती. टोपलं कमरेवर, त्याच्यावर एक हात. मी खाली फाटक लावत होतो. ती शेवटच्या पायरीवर आली आणि मी ओरडलो, "अवं, दगडावर पाय ठेव!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. चांगलं पाहिलं. आणि दगड सोडून पलीकडे पाय टाकला. गुडघा वळला. ती कमरेवर आपटली. असा आवाज मी कधी ऐकला नाही. कुरडया सगळ्या अंगणभर.

माझ्या ओरडण्यानं दचकली ती. मी ओरडायला नको होतं.

१९ मे, अकोला

खुब्याचं हाड मोडलं. सळई टाकावी लागणार. पौर्णिमा ड्युटीच्या कपड्यातच धावपळ करते आहे.

२१ मे

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर तिनं सगळ्यात आधी पौर्णिमाला विचारलं, जेवली का. माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

२७ मे

पौर्णिमानं डबा खाता खाता विचारलं, "बाबा, तो दगड कायले लावला होता?"

"चिखल होतो म्हणून."

"मे महिन्यात?"

मी पाणी प्यायलो.  तिनं डबा तसाच बंद केला.

दुपारी दुर्गाबाई भेटायला आल्या होत्या, माझं बोलणं विसरून. कामरगावहून जीपनं एवढ्या उन्हात आल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दगड होता म्हनून पायावर निभावलं, भाऊ. नाई तं जीवच गेला असता." आणि मला ते पटलं. दोन मिनिटं का होईना, पटलं. मनातल्या मनात मी त्या दगडाचे आभार मानले. तिचं हाड मोडून पडलं आहे आणि मी उभा राहून दगडाचे आभार मानतो आहे. हे माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. मला माझीच किळस आली.

८ जून

जखम चिघळली म्हणून पुन्हा आत नेलं. तीन तास. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. हाड जागेवर राहिलं नाही, त्यामुळे उजवा पाय आता डाव्यापेक्षा दीड इंच आखूड राहील. वॉकर धरून घरातल्या घरात चालतील. जिना विसरा.

दीड इंच. पाऊण इंचासाठी मी ओटा फोडला होता.

२२ जून

घरी आणलं. बाज पुढच्या खोलीत टाकली. तिथून दारातून जिन्याच्या खालच्या पायऱ्या दिसतात. बाज फिरवू का विचारलं, नको म्हणाली. वॉकर भिंतीला टेकून ठेवला आहे. त्याच्याकडे ती पाहतसुद्धा नाही.

स्वयंपाक मी करतो. जळलेलं खाते, काही म्हणत नाही. आधी मीठ कमी पडलं तरी मला ऐकवायची. आता ऐकवलं तर मी उड्या मारीन.

२ जुलै

पौर्णिमा दोन दिवस राहून गेली. आई चालायचा प्रयत्नच करत नाही म्हणून तिच्याशी भांडली. जाताना मला म्हणाली, "आईले जगाचंच नाई असं वाटते मले. तुमी दोघं बोलत काहून नाई?"

बोलायला तोंड पाहिजे. मी तिला पाणी देतो, उशी सरकवतो, कूस बदलायला मदत करतो. तेवढ्यात तिची आणि माझी नजर चुकून एक झाली की आधी मीच वळवतो.

१३ जुलै

आज बोलली. जसं झालं तसं लिहितो.

सकाळी तिचे केस विंचरत होतो. मला धड येत नाही, पण दुर्गाबाईला रोज किती बोलवायचं? ती दाराकडे पाहत म्हणाली, "तो दगड काढून टाका."

"काढतो. आजच काढतो. त्याच्यापायीच पडली तू."

"त्याच्यापायी नाई पडली. त्याच्यावर मी एक दिवसही पाय नाई ठेवला."

माझा हात थांबला.

"अकोल्याहून आली अन् फाटकातच समजलं मले. मिस्त्रीनं बोटं मोजली तवा चहा घेऊन मीच उभी होती ना? वीस अन् एक. मले काय हिसाब येत नाई?"

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमी सांगान म्हनून वाट पाह्यली. तुमी चिखल म्हनले." मग म्हणाली, "माह्या बापानं देव सोडले तं माह्यी आजी वर्षभर त्याच्याशी बोलली नाई. एका घरात राहून. तरी त्यानं मांगं नाई पाह्यलं. अन् मी तुमच्या त्या यमाच्या दगडावर पाय ठेवू?"

"त्या दिवशी मी ओरडलो..."

"आयकलं. म्हनूनच पलीकडं टाकला."

मी फणी खाली ठेवली. म्हटलं, तुझ्यासाठी केलं गं. तू जाशील असं वाटलं. रिपोर्ट यायचा होता, मी एकटा होतो, मला भीती वाटली. ऐकणाऱ्याला कीव यावी असं मी बोलत होतो.

"मले मालूम आहे," ती म्हणाली. "म्हनून तं धड रागावताही येत नाई."

सब्बल घेतली आणि दगड काढला. जगदेवनं सिमेंट फार मायेनं भरलं होतं, निघता निघेना. शेवटी दोन तुकडे झाले, ते फाटकाबाहेर टाकले. ती बाजेवरून सगळं पाहत होती. मग म्हणाली, बाज अंगणात घ्या, उघाड पडली आहे. दुर्गाबाईच्या मदतीनं तिला बाहेर आणलं, जिन्याच्या पायथ्याशी, भिंतीच्या कडेला. दुर्गाबाई गेल्यावर तिनं वर पाहिलं.

"कुरडयाचं लुगडं वरच राह्यलं ना तवाचं? घेऊन या."

तेव्हापासून आम्ही कोणी वर गेलोच नव्हतो. मी गेलो. लुगडं पावसानं काळं पडलेलं, त्याला चिकटलेल्या कुरडयांना बुरशी. टोकांवर विटा. त्यातल्या दोन मी ओळखल्या, एकीचा कोपरा उडालेला. तिचा पाय मोजायला मांडल्या होत्या त्याच. मला फार भरून आलं. खालून ती हाक मारत होती, सापडलं का म्हणून. कितीतरी दिवसांनी तिनं मला हाक मारली होती.

लुगडं घेऊन उतरायला लागलो. मोजायचं नाही असं ठरवून उतरायला लागलो. पण पाय टाकला की शब्द येतो, मी काय करू? इंद्र, यम, राजा. खाली तिची बाज दिसत होती. विसावं पाऊल जमिनीवर पडणार होतं, तिच्या उशाशी. अठरा पावलं झाली आणि माझा पाय उचलेना.

"या ना," ती म्हणाली. "काय झालं?"

"काही नाई."

"मोजून राह्यले का?"

"नाई," म्हटलं.

ती माझ्याकडे पाहत होती. कठडा तिसऱ्या पायरीपासून सुरू होतो, त्याच्या खाली बाजू मोकळी आहे. मी खालची पायरी सोडून बाजूनं सरळ अंगणात उडी मारली. एकोणीस. इंद्र.

भागिरथानं ते पाहिलं. माझ्या हातातून लुगडं घेतलं, त्याची हळूहळू घडी घातली, आणि तोंड भिंतीकडे केलं.